वीस काचा

ताईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा आमच्याच लॅबमध्ये आला, तेव्हा मी दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू दिला नाही. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेल्या गाठींचे काप काढण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत, कांद्याचा पापुद्रा जाड वाटावा इतके पातळ काप. ताईचा तुकडा जेमतेम सुतळीच्या धाग्याएवढा. ठोकळा यंत्रावर पुन्हा चढवला की तो सरळ करण्यातच निम्मा तुकडा वाया जातो. म्हणून मी एका दमात सगळा कापला. एका काचेवर एक काप, अशा वीस काचा झाल्या. त्यातल्या चार काचा तपासायला डॉक्टरांकडे दिल्या, उरलेल्या सोळा डबीत घालून खणात ठेवल्या आणि वर सगळ्यांना ऐकवलं, याला म्हणतात काटकसर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई म्हणायची ते माझ्याकडे बघूनच.

आठ महिन्यांत आजार यकृतात पोचला. नेहमीच्या औषधांनी हात टेकले. एक नवं औषध उरलं होतं, पण ते सरसकट देत नाहीत. काही गाठींच्या पेशींवर एक प्रथिन असतं, त्याच्या जोरावर त्या शरीराच्या पहारेकऱ्यांना गप्प बसवतात. ते सापडलं तरच औषध मिळतं. रंग चढवला की ते तपकिरी दिसतं.

मी खणातल्या काचा काढून रंगवल्या. तुलनेसाठी कडेला लावलेला दुसऱ्याचा तुकडा छान तपकिरी झाला. ताईचा नुसता निळा.

आमच्या डॉक्टर मॅडमनी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले. "हे काप कधीचे?"

"आठ महिन्यांपूर्वीचे."

"अहो, काचेवर उघडं पडलं की हे प्रथिन हळूहळू विरतं. ठोकळ्यात टिकलं असतं. आता होतं की नव्हतं, काहीच सांगता येणार नाही. ठोकळा आणा, ताजा काप काढू."

मी ठोकळा त्यांच्या हातात दिला. त्यात मेणाशिवाय काही नव्हतं.

"पुन्हा सुई घालून तुकडा घेतला तर?"

"यकृत बिघडल्यामुळे त्यांचं रक्त गोठत नाहीये. आता कोण सुई घालणार?" त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी अहवालात 'नमुना अपुरा' लिहिलं आणि पुढची काच घेतली.

संध्याकाळी ताईकडे गेलो. ती उशांना टेकून बसली होती.

"काय निघालं रे, बारक्या?" पन्नाशी आली तरी तिच्यासाठी मी बारक्याच.

"नाही निघालं, ताई. ते औषध नाही देता येणार."

तिने बराच वेळ पांघरुणाची घडी नीट केली. मला सगळं सांगून टाकायचं होतं.

"तपासलं कोणी? तूच ना?"

"हो. कापण्यापासून सगळं मीच केलं."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला. "दुसऱ्या कुणी केलं असतं, तर काहीतरी चुकलं असेल असं मला वाटत राहिलं असतं."