विचारायचं नाही

शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बाईंचा दरारा होता, पण छडीचा नव्हे. त्या कधी आवाज चढवत नसत, आणि पोरांना तेच जास्त जड जाई. गावच्या चर्चचे फादर आणि त्यांच्या मरियाभक्तांच्या चळवळीतली काही कुटुंबं यांनी मिळून ही शाळा काढली होती. आधी स्वतःला घडवायचं आणि मग जगाला शहाणपण शिकवायचं, हा तिथला पाया. मुलांवर पाळत ठेवायची नाही, विश्वास टाकायचा. पालकसभेत बाई हे इतक्या ठामपणे सांगत की शंका काढायला आलेला बापसुद्धा मान डोलवून घरी जाई.

प्रार्थनालयात मरियामातेच्या तसबिरीपुढे काचेची एक बरणी होती. कुणासाठी देवाकडे काही मागायचं असेल तर आपण काहीतरी सोडायचं, आणि ते पाळलं त्या दिवशी बरणीत पांढरा खडा टाकायचा. काय सोडलं आणि कुणासाठी सोडलं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही. हा नियम बाईंचाच. विचारलं की मिरवणं आलं, असं त्यांचं म्हणणं. बहुतेक पोरं गोड सोडत आणि मधल्या सुट्टीत दुसऱ्याच्या डब्यातलं खात. देवही तेवढ्यापुरता दुसरीकडे बघत असावा. बाई मात्र सांगत, "जे सोडताना भीती वाटते ना, तीच खरी भेट."

बाईंची मुलगी याच शाळेत पाचवीत होती. वर्गात सगळ्यांत ठेंगणी, म्हणून तिला सगळे बुटकी म्हणत. ती रोज न चुकता खडा टाकी. ते पाहून बाईंचा ऊर भरून येई, आणि नियमाला जागून त्या काही विचारत नसत. बुटकीचा बाप गोदीत वेल्डर. आदल्या वर्षी कडाक्याचं भांडण झालं आणि तो दुसऱ्या गावी राहायला गेला. पोरगी त्याचं नाव काढत नव्हती, तेव्हा तिने त्याला मनातून काढलं असावं, असं बाईंनी धरून टाकलं. शंभर पोरांची मनं वाचणारी ही बाई पोटच्या पोरीपुढे अशी आंधळी होती.

बुटकीला लहानपणी फिट्स येत. रोजच्या गोळीने त्या थांबल्या होत्या. ती पाचवीत गेली तेव्हा बाईंनी गोळ्यांची डबी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता तुझी तू घ्यायची. मी विचारणार नाही." पोरीची मान अशी ताठ झाली की बाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं.

एका सकाळी ती शाळेच्या जिन्यावरून कोसळली. एक फिट ओसरायच्या आत दुसरी आली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत ओठ निळे पडले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट हातात धरूनच विचारलं, "गोळी कधीपासून बंद केलीत?"

"बंद? ती रोज घेते."

"तुमच्या डोळ्यांसमोर?"

बाईंनी रिपोर्टसाठी हात पुढे केला.

"रक्तात औषधाचा मागमूस नाही. या वेळी वाचली. पुन्हा असं झालं तर मी काही सांगू शकत नाही."

भिंतीला धरून बाई खाटेपाशी आल्या. खुर्चीत बुटकीचा बाप बसला होता. निरोप मिळताच मिळेल त्या गाडीने, कामाच्या कपड्यांतच तो आला होता. पोरीने नुकतेच डोळे उघडले होते. ती बापाकडे एकटक बघत होती, आणि तिच्या सुजलेल्या चेहऱ्यावर असा आनंद होता की बाईंना तो बघवेना.

"गोळ्या का नाही घेतल्यास?" बाईंनी विचारलं.

"विचारायचं नसतं."

"मी विचारतेय! आई विचारतेय तुला!"

बुटकीने बापाचं बोट धरलं. "बाबा परत यावेत म्हणून. मला खूप भीती वाटायची, आई. म्हणून तर सोडल्या. आणि बघ ना, आले ते!"

बापाने मान खाली घातली. बाईंना रडू फुटलं, पण रडायचाही आपल्याला हक्क आहे असं त्यांना वाटेना. ही पोर देवापुढे रोज आपला जीव ठेवत होती, आणि आपण मागे उभं राहून कौतुक करत होतो.

नर्स गोळी घेऊन आली. बुटकीने ओठ घट्ट मिटले. "घेतली तर बाबा जातील."

"नाही जाणार," बाप पटकन म्हणाला. "घे बघू. मी आहे ना इथेच."

त्याचं खोटं बाईंना लग्नाआधीपासून ओळखू येत असे. तरी त्या बोलल्या नाहीत. पोरीने गोळी गिळली.

तो महिनाभर राहिला, हे मात्र त्याच्या पदरात टाकायला हवं. बाईंनी शाळेतली बरणी बंद केली. फादर समजवायला आले तेव्हा त्यांनी दारही पुरतं उघडलं नाही. मग एके दिवशी पोरगी शाळेत असताना तो गेला. जाताना बाईंना एवढंच म्हणाला, "मला नाही जमत, तू सांग तिला." बाईंनी सांगितलं. पोरगी रडली नाही, आणि बाईंना त्याचीच भीती वाटली.

संध्याकाळी त्या गोळी आणि पाणी घेऊन तिच्यासमोर बसल्या. बुटकीने गोळी घेतली.

"तोंड उघड. जीभ वर कर."

तिने केली. बाईंनी बोट घालून दोन्ही गाल चाचपले. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी हात काढला नाही. गोळी खरंच पोटात गेली होती.

"मी रोज घेईन गोळी, आई," बुटकी शांतपणे म्हणाली. "घाबरू नकोस. या वेळी दुसरं काहीतरी सोडलंय."

"काय?" बाईंनी तिचे खांदे धरले. "काय सोडलंयस? सांग मला, बुटके. अगं, काय?"

बरणीचा नियम ठाऊक नसलेल्या नव्या मुलांकडे बाई ज्या मायेने बघत, त्याच मायेने पोरीने आईकडे बघितलं, आणि काही न बोलता ती पांघरूण घ्यायला उठली.