सातचा मिस कॉल

"फोनचा काय भरवसा गं? म्हयन्यातनं एकदा म्हातारीचं त्वांड बघून जात जा," असं अंबूबाई दिवाळीत म्हणाल्या होत्या. माझी आई हरणाबाई वडूजजवळ एकटी राहते, चार मेंढरं राखते. अंबूबाई तिच्या शेजारी. मी हसले. "मावशी, रोज सातला मिस कॉल येतो की." मेंढरं कोंडून झाली की आई दोन रिंग द्यायची. फोन आता फुकट झालेत, पण तिची सवय तीच. दोन रिंग म्हणजे सगळं बरं. उलट फोन करायचं रोज ठरवायचे आणि रोज राहायचं.

शिरवळला माझ्यामागे वर्षाचा मल्हार, नवऱ्याच्या कंपनीतल्या पाळ्या आणि सात वर्षांची राणी. तिनं कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि हातातला घास तसाच राहिला.

"मम्मी, विश्व पसरतंय. मग सूर्यपण लांब जाणार?"

बीएस्सीचं फिजिक्स कधी नाही ते कामाला आलं. "नाही गं. पसरतंय ते लांबच्या दीर्घिकांमधलं अंतर. पृथ्वीला सूर्यानं धरून ठेवलंय, तिथं त्या पसरण्याचं काही चालत नाही. कक्षेत फरक धरलाच तर एका अणूएवढाही नाही, आणि तो वाढतही नाही."

"आणि आजी?"

तेवढ्यात फोन दोनदा वाजून थांबला. "बघ, आजीपण जागेवर."

पुढचे आठ दिवस फोन तसाच वाजला. नवव्या दिवशी वाजला नाही. मी लावला, तर कुणी उचलेना. सकाळी मल्हारला काखोटीला मारून एसटी धरली.

आई खाटेवर होती. आठ दिवसांपूर्वी पडलेली, पाय हलेना.

"हिच्या फोनवरनं मिस कॉल मीच देत हुते," दारातून अंबूबाई म्हणाल्या. "ही म्हणायची, पोरीला बारकं लेकरू हाय, घोर नगं. काल म्हनलं, आता देतच न्हाई आन् उचलतबी न्हाई, बघू येती का."

"अंबे, तुझ्या पोटात काय ऱ्हात न्हाई बघ," आई कण्हत म्हणाली.

साताऱ्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस काय करत होता?" आई पुन्हा मेंढरांपाशी गेली आहे, ऐकत नाही. मी दर रविवारी जाते. थकते, पण जाते.

राणीला सूर्याचं सांगितलं ते खरंच आहे. फक्त त्याची पकड क्षणभरही सुटत नाही, माझी सुटली होती.

तुमच्याकडेही आज कुणाचा फोन वेळेवर वाजला असेल. तेवढ्यावर राहू नका. घरी जा, आणि चार पावलं चालून दाखवा म्हणा.