गोल बटणाचा फोन

गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता भिंगारच्या याकोबदादांच्या जुन्या फोनवरून व्हिडिओ कॉल लागायचे बंद झाले, आणि त्यांच्या नि पत्नी पुष्पावतीबाईंच्या घरातला रविवार मुका झाला.

याकोबदादा लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. अख्खं इंजिन उघडून चादरीवर मांडणारे हात. पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात गेला, वाचाही गेली. उरला एकच शब्द, 'बरं'. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. कुठलं बरं कशाचं, ते पुष्पावतीबाईंना कळे आणि बाकीच्यांना त्या सांगत.

मुलगी दया मस्कतला नर्स होती. डाव्या अंगठ्यानं फोनच्या खालचं गोल बटण दाबायचं आणि पडदा उजळला की दयाच्या फोटोवर अंगठा टेकवायचा, एवढं दादांना शिकवायला बाईंना दोन पावसाळे लागले. जन्म बालवाडीत गेलेला त्यांचा. पाटीवर फिकट अक्षर काढून द्यायचं, पोराचा हात धरून ते गिरवून घ्यायचं आणि एक दिवस हात हळूच सोडायचा. नवऱ्याचा अंगठाही त्यांनी तसाच धरला, तसाच सोडला. तेव्हापासून बाई रविवारी चर्चमधल्या उपासनेहून घरी आल्या की दादा स्वतः फोन लावत. दुसऱ्या कुणी लावून दिला तर तोंड फिरवत. दुसऱ्याच्या हातानं खाणाऱ्या, दुसऱ्याच्या हातानं न्हाणाऱ्या माणसाचं तेवढं एकच स्वतःचं काम होतं.

ते बंद पडलं. ॲप आता एवढ्या जुन्या फोनवर चालणार नाही, अशी ओळ पडद्यावर आली. दादांना वाचता येईना. ते दुपारभर दाबत राहिले.

दयानं लगोलग नवा फोन पाठवला. त्याला बटणच नव्हतं, बोट खालून वर सरकवायचं. दादांचा अंगठा सरके, पण तिरका. भलतंच काही उघडे. शेवटी त्यांनी तो फोन उशीशेजारी पालथा घातला आणि पुन्हा हातात घेतला नाही.

बाईंच्या भावाचा मुलगा नोहा नगरच्या एका शाळेत संगणक शिकवायचा. चाळिशी ओलांडलेला, कायम झोप राहिल्यासारखे डोळे. त्यानं जुना फोन उलटसुलट करून पाहिला.

"आत्या, कंपनीनं याच्याकडे बघणं कधीच सोडलंय. पण जगभरची हौशी माणसं मिळून असल्या जुन्या फोनांसाठी नवी सिस्टीम लिहितात, फुकट देतात. ती घातली तर ॲप चालेल. मात्र आतलं सगळं पुसलं जाईल."

"सगळं म्हणजे?"

"फोटो लॅपटॉपवर काढून ठेवतो. बाकी कोरी पाटी."

"कोरी पाटी मी पुष्कळ बघितलीय. बटण राहील ना?"

"बटण कुठं पळून जातंय!"

दादांच्या आंघोळीसाठी येणारी छबूबाई दारातून म्हणाली, "नोहाभाऊ, माज्या गुडघ्याला बी एखांदी नवी शिष्टीम घाला की. ह्यो बी जुनाच हाय."

"तुझं सगळं पुसलं जाईल मग."

"जाऊ द्या. काय ठिवण्यासारखं लई न्हाईच."

तीन बटणं एकदम दाबून धरली, वायर जोडली, आणि काम निम्म्यावर आलं तोच सैल वायर हलली. फोन कंपनीचं नाव दाखवी आणि विझे, पुन्हा दाखवी, पुन्हा विझे. नोहा वायर काढून पुन्हा जोडून बघत राहिला. बाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसल्या. झटक्याच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसून डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे त्या अशाच बघत बसल्या होत्या. तेव्हा होतं तेवढंही त्राण आता नव्हतं.

पुढच्या शनिवारी नोहा शाळेतली चांगली वायर घेऊन आला आणि सिस्टीम चढली. त्यानं दयाचा फोटो पडद्याच्या मधोमध, चांगला मोठा लावला. दादांनी बटण दाबलं. पडदा उजळला. अंगठा उतरला तो फोटोच्या बाजूला, रिकाम्या जागी. पुन्हा तिथंच जवळपास. मग दादांनी फोन बाईंकडे सरकवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"पहिला होता तिथंच लाव रे," बाई म्हणाल्या.

"कुठं होता? पुसण्याआधी पडद्याचा फोटो काढायला विसरलो मी. तुला आठवतंय?"

बाईंना आठवेना. फोन लागताना त्यांनी पडद्याकडे कधी बघितलंच नव्हतं. त्या दादांच्या तोंडाकडे बघायच्या. नोहानं फोटो इथं लावून पाहिला, तिथं लावून पाहिला. दर चुकीला दादांचा अंगठा आणखी बिचकू लागला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "दमलेत ते. मीही दमले."

नोहानं बंद करण्याआधी सगळं नीट चालतंय का बघायला एक कोरं पांढरं पान उघडलं. खिडकीतून ऊन येत होतं. बाईंनी चष्मा पुसला.

"हे डाग कसले?"

"जुना पडदा आहे, आत्या. एकच चित्र वर्षानुवर्षं एका जागी राहिलं की त्याचा ठसा उरतो. खोट आहे ती, आता जायची नाही."

बाईंनी फोन थोडा उन्हाच्या आड धरला. वर घड्याळाचे फिकट आकडे, आणि खाली डाव्या कडेला, अंगठ्याला सहज पोचेल असा, एक चौकोन.

"ही बघ दया," त्या म्हणाल्या. "इथं लाव. तेवढीच लाव, मोठी नको."

नोहानं त्या ठशावर बरोबर फोटो बसवला. बाईंनी दादांचा अंगठा धरला, बटणावर नेला, मग त्या चौकोनावर. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी त्यांनी हात सोडला. अंगठा एकटाच गेला आणि टेकला.

रिंग वाजत राहिली. दया ड्यूटीवर होती, तिनं उचलला नाही. छबूबाई हळहळली, "अरं देवा, आन् आता?"

दादा फोनकडे बघत होते. "बरं," ते म्हणाले. हे कुठलं बरं, ते सांगायची त्या दिवशी कुणाला गरज पडली नाही.

पुढल्या वर्षी लेंतात, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, याकोबदादा गेले. शेवटच्या रविवारीही त्यांनी फोन लावला होता, आणि दयानं उचलला होता. ती येऊन गेली, अजून मस्कतलाच आहे. छबूबाईनं गुडघ्यांपुढे हात टेकले आणि काम सोडून लेकीकडे बेलापूरला गेली. नोहाकडे आता लोक जुने फोन घेऊन येतात. तो पहिल्यांदा पडद्याचा फोटो काढतो. पुष्पावतीबाई नव्या फोनवर बोट सरकवायला शिकल्या, कुरकुरत. जुन्या फोनची बॅटरी फुगली म्हणून नोहानं काढून टाकली. बाकीचा फोन त्यांनी ठेवून घेतलाय. तो आता उजळत नाही. बटण मात्र अजून दाबलं जातं.