पळसाची मुलगी

ऋजुता दहावी पास झाली ते २००७ साल. निकालाचे पेढे अजून डब्यात होते.

त्या सकाळी मैलापूरच्या घरात नेहमीसारखीच धांदल होती. गल्लीत पाण्याची लॉरी आली होती. युद्धात समुद्र शहरात शिरला तेव्हापासून विहिरी खारट झाल्या होत्या, आणि सगळी गल्ली प्लास्टिकच्या घागरी घेऊन लॉरीमागे उभी राहायची. ऋजुताची आई अर्चना रांगेत होती. ऋजुता कॉफीचं डिकॉक्शन गाळत होती. तिचे वडील दिनानाथराव एग्मोरच्या रेल्वे कचेरीत जायला निघाले होते आणि त्यांचा एक बूट सापडत नव्हता. तेवढ्यात एन्नोरच्या छावणीतून फोन आला. ‘तुमची थोरली मुलगी परत आली आहे. घेऊन जा.’

दिनानाथराव एक पाय बुटात, एक पाय मोज्यात, तसेच खुर्चीवर बसले.

या घरात दुष्ट कोणी नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर वाचणारा एकाच्या माथी दोष मारून मोकळा होतो.

पाण्यातल्या आसरा, ज्यांना इथले तमिळ लोक कन्निमार म्हणतात, त्यांच्याशी माणसांचं दोन वर्षं युद्ध झालं. एन्नोरची खाडी वीजकेंद्राच्या राखेने भरत गेली तेव्हा त्या पहिल्यांदा रागावल्या आणि मग वर आल्या. आधी होड्या गेल्या, मग कोळ्यांची वस्ती, मग किनाऱ्याचा रस्ता. हाती लागलेल्या माणसांना त्या मारत नसत, खाली नेत. चौदा वर्षांची प्राची २००२ साली शिकवणीहून घरी येताना अशीच गेली.

देह सापडला नाही तर आपल्यात पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. दिनानाथरावांनी तो दिला. त्यांच्यासारख्या तंजावरी मराठी घरांतून त्या वर्षी अशी कितीतरी पानांची माणसं जळली. मग तह झाला, आणि जळलेली माणसं एकेक करून परत येऊ लागली.

तेव्हा लोक घाबरले. कोणीतरी म्हणालं, अग्नी दिलेल्याला नावाने हाक मारली तर त्याच्या जागी घरातलं दुसरं माणूस जातं. समाजातल्या पुरुषोत्तमने परत आलेल्या मुलाला हाक मारली आणि आठवड्यात पुरुषोत्तमची म्हातारी आई वारली. झालं. ती रूढी झाली. परत आलेल्याला पुढच्या दाराने आणायचं नाही, उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, त्याचं नाव उच्चारायचं नाही. अशांना ‘पळसाची माणसं’ म्हणत.

दिनानाथराव ऋजुताला घेऊन एन्नोरला गेले. तिथे वाळूत तंबू होते. त्यांच्या पुढे एक आसरा कमरेपर्यंत पाण्यात उभी राहून माणसं स्वाधीन करत होती. तिने तमिळमध्ये विचारलं, “हिला अग्नी कोणी दिला?”

दिनानाथरावांनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला.

“मग हाक तूच मारायची. रोज. हिच्या याच नावाने. इतकी वर्षं ही पाण्यात होती, हिचं अंग आता पाण्याचं आहे. जमिनीवर ते नावानेच राहील. दुसऱ्या कोणी हाक मारली तर थोडं थांबेल, पण टिकणार नाही.”

“सरी,” दिनानाथरावांनी कबूल केलं.

शेजारी सुब्बा नावाच्या कोळ्याला त्याची बायको परत मिळाली होती. तो तिच्या नावाने एवढ्या मोठ्याने ओरडला की ती म्हणाली, “बहिरी होऊन आले नाही मी. घरी चल आधी.” आजूबाजूचे हसले. दिनानाथरावांनीही तोंड उघडलं. पण पलीकडच्या तंबूपाशी आपल्या समाजातले दोघे उभे असलेले त्यांना दिसले, आणि ते फक्त म्हणाले, “चल बाळ, ऑटो थांबलीय.”

घराच्या पुढच्या दारात वेंकोबा काठी टेकून उभे होते. वेंकोबा हे दिनानाथरावांचे काका. त्यांचा एकुलता मुलगा युद्धात पाण्याखाली गेला होता आणि अजून परतला नव्हता. त्याचा पालाशविधी त्यांनी स्वतः केला होता, समाजातल्या बाकीच्यांनाही त्यांनीच सांगितला होता.

“पुढच्या दारानें नको रे,” ते म्हणाले. “बोळांतून आण.”

“आजोबा, मी आहे,” प्राची म्हणाली. “ओळखलं नाही?”

वेंकोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. “ओळखलें. म्हणूनच सांगतो.”

मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ पत्र्याची शेड होती. जुनी सायकल आणि नारळाच्या झावळ्या काढून तिथे खाट टाकली. अर्चना केळीच्या पानावर भात-सांबार वाढून पान बाहेर ठेवायची. नाव घ्यायची बंदी होती म्हणून ती ‘अगं’ म्हणायची. ‘अगं’ला कोणी मनाई केली नव्हती. “अगं, ऊन लागतंय का?” “अगं, अजून थोडा भात?” दिवसभर मागच्या दारातून अगं, अगं ऐकू यायचं. अर्चना माहेरची सोलापूरची. लेकीला जवळ घेऊन न्हाऊ घालावं असं तिला रोज वाटे, आणि रोज ती उंबऱ्याशी थांबे.

संध्याकाळी ऋजुता मागच्या पायरीवर बसून हळूच म्हणायची, “प्राची अक्का.” तेवढ्याने प्राचीच्या हातांना रंग यायचा, कोपरापर्यंत. सकाळी तो गेलेला असे.

“खाली काय होतं गं?” ऋजुताने एकदा विचारलं.

“थंडी. पण सगळे बोलायचे. भांडायचे सुद्धा.” प्राचीने पाय पसरले. ती बसे तिथे फरशी ओली होई. “इथे कोरडं आहे, छान आहे. फक्त माझ्याशी बोलताना सगळे भिंतीकडे बघतात. भिंत काही वाईट नाही म्हणा.”

महालय आला. प्राचीची तिथी घरात दरवर्षी करत. आता मुलगी अंगणात बसलेली असताना ती करायची की नाही, असा प्रश्न अर्चनाने विचारला. वेंकोबा म्हणाले, “विधि झालेला आहे, तर श्राद्ध चुकवूं नये. चुकवलें तर तिलाच त्रास.”

त्यांना खरोखर तसं वाटत होतं.

पिंड अंगणाच्या भिंतीवर ठेवला. कावळे माडावर येऊन बसले, पण खाली एकही उतरेना. प्राची शेडच्या सावलीत बसून बघत होती. दिनानाथराव ओलेत्याने हात जोडून उभे होते. बराच वेळ गेला.

“अप्पा, मी जरा बोळात जाऊन बसू का?” प्राची म्हणाली. “माझ्यामुळे माझंच जेवण अडलंय.”

ऋजुताला हसू आलं, आणि लगेच रडू आलं. अर्चना आत निघून गेली. वेंकोबांनी शेडपुढे जुनी साडी आडवी बांधायला सांगितली. पडदा झाला, कावळा उतरला, त्याने भात नेला. घरातल्या माणसांना सुटल्यासारखं वाटलं.

त्याच आठवड्यात प्राचीच्या उजव्या हाताची करंगळी आरपार दिसू लागली. त्यानंतर पंजा. पानावरचा घास तिला नीट उचलता येईना, तेव्हा अर्चना चमचा ठेवू लागली.

ऋजुताने वडिलांना कचेरीत निघताना गाठलं.

“अप्पा, एकदा हाक मारा तिला.”

“मारीन गं. जरा हे दिवस जाऊ देत.”

“कुठले दिवस?”

“दिवाळी होऊ दे. माणसं येतात-जातात.”

“माणसं कॉफी प्यायला येतात. त्यांना मागच्या अंगणात कोण नेतंय?”

दिनानाथराव बुटाची नाडी बांधत राहिले. “पुरुषोत्तमच्या घरी काय झालं ते ठाऊक आहे ना तुला?”

“त्या आजी नव्वदीच्या होत्या, अप्पा. दोन वर्षं अंथरुणावर होत्या.”

“असतील. पण माझ्या घरात तू आहेस. तुला काही झालं तर मी काय करू?”

“मग ती काय आहे? आणि माझं नाव पुढे करून तिला मारू नका.”

दार धरून अर्चना उभी होती. ती म्हणाली, “मी मारते हाक. मोठ्याने मारते. जे व्हायचं ते होऊ दे.”

“तुझ्या हाकेने काय होणार? अग्नी तू दिला नाहीस.”

“मला देऊ कुठे दिला होता?” अर्चना म्हणाली.

कॉफी तशीच टाकून दिनानाथराव बाहेर पडले. त्या दुपारी अर्चनाने मागच्या दारात उभं राहून मुलीचं नाव घेतलं, पुन्हा पुन्हा घेतलं. प्राचीचा पंजा दिसू लागला. संध्याकाळी तो पुन्हा मावळला.

दिवाळीनंतर एक दिवस वेंकोबा हसत आले. असं त्यांचं हसणं फार दिवसांत कोणी पाहिलं नव्हतं. जुन्या पोथ्या चाळून त्यांनी वाट काढली होती. मेला म्हणून विधी केलेला माणूस जिवंत परतला तर त्याचा पुन्हा जन्म करता येतो. तुपाने न्हाऊ घालायचं, तान्ह्या मुलासारखं गुंडाळायचं, जातकर्म करायचं, बारसं करायचं.

“मग ती नवीन मूल झाली कीं नाहीं? घरांत येऊं दे, जेवूं दे, निजूं दे. कोण काय बोलतो तें मी बघतो.”

अर्चनाने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. दिनानाथरावांनी डोळे पुसले. समाजही राखला जाणार होता आणि मुलगीही.

“नाव तेच ठेवायचं ना, आजोबा?” ऋजुताने विचारलं.

“तेंच कसें? तें जळालें. माझ्या आईचें नांव ठेवूं. हेमावती.”

“अप्पा, एन्नोरला ती आसरा काय म्हणाली होती? याच नावाने, म्हणाली होती.”

“ऋजू, पोदुम, पुरे,” दिनानाथराव म्हणाले. “इतकं सगळं जुळून आलंय. आता खोडा घालू नकोस.”

ऋजुता शेडमध्ये गेली. प्राचीचे दोन्ही हात आता खांद्यापर्यंत पाण्यासारखे झाले होते. सगळं ऐकून ती म्हणाली, “म्हणजे मी पुन्हा तान्हं बाळ? दूध कोण पाजणार?”

“अक्का, तू नाही म्हण. तू नाही म्हणालीस तर मी पण भांडेन.”

“कोणाशी भांडणार? सगळे खूश आहेत. मला आत यायचंय गं. स्वयंपाकघरात खाली बसून आईच्या हातचं गरम काहीतरी खायचंय. त्यांना जे नाव ठेवायचं ते ठेवू दे.”

नोव्हेंबरच्या एका सोमवारी दिनानाथरावांनी रजा घेतली. समाजातली माणसं आली, पडवीत बसली. अंगणात पाट मांडला. पातेलंभर तूप कोमट करून ठेवलं होतं. अर्चनाने पाच वर्षांनी मुलीच्या अंगाला हात लावला. तिने डोक्यापासून पायापर्यंत तूप चोळलं, पांढऱ्या धोतरात तिला गुंडाळलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. प्राचीने डोळे मिटले होते. तिच्या चेहऱ्यावर मोठं सुख होतं.

मंत्र झाले. बापाने मुलीच्या कानात नाव सांगायचं होतं. दिनानाथराव वाकले. मुलगी परत आल्यापासून त्यांनी तिला पहिल्यांदाच कुठल्यातरी नावाने हाक मारली, आणि सगळी माया गोळा करून मारली.

“हेमावती. हेमावती. हेमावती.”

प्राचीने डोळे उघडले आणि कोण आलं ते बघायला दाराकडे मान वळवली.

“हेमावती,” दिनानाथराव पुन्हा म्हणाले.

धोतर खाली बसत चाललं होतं. अर्चनाची मांडी भिजली. “अगं,” ती म्हणाली. “अगं, अगं.” आणि मग ती मुलीचं खरं नाव घेऊन हाका मारू लागली. त्या हाकांनी प्राचीचा चेहरा क्षणभर ठळक झाला आणि पुन्हा विरघळला.

“अप्पा, प्राची म्हणा,” ऋजुता ओरडली. एका बाईने तिचा दंड धरला. दिनानाथरावांनी काकांकडे पाहिलं. आयुष्यभर ते असेच त्यांच्याकडे बघत आले होते.

“म्हण रे,” वेंकोबा म्हणाले. “म्हण आतां तिचें नांव.”

“प्राची,” दिनानाथराव म्हणाले.

पाटावर ओलं धोतर होतं. तूप पाण्यावर तरंगत फरशीवरून मोरीकडे चाललं होतं. अर्चना दोन्ही हातांनी ते पाणी अडवू पाहत होती.

पडवीतली माणसं उठली. सुतक कोणतं धरायचं, असं एकाने हळूच विचारलं. वेंकोबांना सांगता आलं नाही. विधी पाच वर्षांपूर्वीच झाला होता, म्हणून तो पुन्हा केला नाही. दिनानाथराव चौथ्या दिवशी कचेरीत गेले.

ऋजुता आता सुट्टीच्या दिवशी बसने एन्नोरला जाते आणि आपलं माणूस न्यायला आलेल्या घरांना तंबूपाशी अडवते. ‘अग्नी ज्याने दिला त्याने हाक मारा,’ ती सांगते. ‘तेच नाव. आजच.’ काही जण थांबून ऐकतात. बरेच जण म्हणतात, पोरी, तुझ्या घरी मोठं कोणी नाही का? तिथून पुढे ती काही करू शकत नाही, कारण हाक तिच्या हातात नाही. ती ज्यांच्या हातात आहे ते हे वाचत असतील, तर घरातल्या मुलीच्या आधी समाजाकडे का बघितलं, हे त्यांनी स्वतःला विचारावं.

हेमावती नावाची मुलगी त्या घरात कधीच नव्हती. प्राची दिनानाथराव ही २००२ साली मेली नाही. ती मैलापूरच्या घरी, मागच्या अंगणात, सोमवार दिनांक १९ नोव्हेंबर २००७ रोजी दुपारी वारली. ती एकोणीस वर्षांची होती.