टाकीवर नसलेले झाकण

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी झाकण आहे. रंगाच्या कारखान्यात थिनरच्या टाकीवर बसणे हा माझा धंदा. वेल्डरने मला घडवले, कडेला रबराची पट्टी लावली आणि सगळ्यांना बजावले, "हे उघडं ठेवलंत तर थिनर उडून शेजाऱ्यांच्या छातीत जाईल."

पहिली दोन वर्षे मी इमानाने बसलो. मग नवा मुकादम आला. टाकीत काही ओतायचे म्हणजे माझे बारा बोल्ट काढायचे, ओतून झाले की पुन्हा आवळायचे. तो वैतागला.

"रोज बारा बोल्ट? आत काय वाघ कोंडलाय?"

सगळे हसले. मला भिंतीला टेकवले गेले.

टाकीतून वाघ आला नाही, वाफ आली. तिला ना रंग ना धूर. वास मात्र गोडसर. आधी भिंतीपलीकडच्या लिंबाची पाने करपली. मग वस्तीतली डोकी दुखू लागली. टाकी ढवळणारे मामा तिथेच राहत. त्यांच्या धाकट्या लेकीला दम लागू लागला. डॉक्टर म्हणाले, "खिडक्या बंद ठेवा." मामी मामांना म्हणाल्या, "दुधावर झाकण नसलं की घर डोक्यावर घेता. आणि तिथे हो?"

वर्षातून एकदा तपासणीचे साहेब येत. त्या दिवशी मला पुसून टाकीवर चढवत. "झाकण अगदी नव्यासारखं ठेवलंय!" साहेब खूश. वापरलेच नाही तर झिजणार कसे?

एका सकाळी लेकीचे ओठ निळे पडले. तिला दवाखान्यात मामीजवळ सोडून मामा तडक कामावर आले, मला ओढत टाकीवर नेले, बोल्ट आवळले आणि वर मांडी घालून बसले.

"उतरा मामा, काम खोळंबलंय!" मुकादम ओरडला.

"माझ्या पोरीचा श्वास खोळंबलाय."

चौघांनी उचलून मामांना फाटकाबाहेर ठेवले. मग मला भिंतीशी.

लेक दुसऱ्या दिवशी गेली. कारखान्याने दोन मिनिटे उभे राहून शोक पाळला. टाकी तेव्हाही उघडीच होती.

मित्रांनो, मला पाय नाहीत, मी आपणहून जागेवर जाऊ शकत नाही. तुम्हाला आहेत. कारखान्याजवळ गोड वास आला तर नाक दाबून पुढे पळू नका. घरच्या मोठ्यांना घेऊन फाटकाशी उभे राहा आणि तपासणीचा दिवस नसताना विचारा, "झाकण कुठे आहे?"