पिंपातल्या बियाण्याला काय म्हणायचं

बायको रंगूबाई जाऊन अडीच महिने झाले होते. घरातलं जे जायचं होतं ते गेलं, असं शालिग्राम धरून चालला होता. पण मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी तो माळ्यावर चढला आणि रंगूबाईचं बियाणंही गेलं हे त्याला कळलं. म्हणजे तसं गेलं नव्हतं. सगळं तिथंच होतं, पण एकाच पिंपात होतं.

रंगूबाईचे एकोणीस डबे होते. बिस्किटाचा, चहाचा, तुपाचा, पोराच्या अंगाला लावायच्या पावडरीचा, जो मिळेल तो. एका डब्यात एक बी, चुलीच्या राखेत घोळलेलं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून आत जे बी असेल त्याचेच दोन दाणे ती झाकणावर डिंकानं चिकटवायची. आता माळ्यावर एकही डबा नव्हता. निळं प्लास्टिकचं पिंप होतं आणि त्यात अर्ध्यापर्यंत राखेनं माखलेलं बियाणं. लाल, काळं, पांढरं, गोल, चपटं, सारं एकमेकांच्या अंगावर पडलेलं.

शालिग्राम खाली उतरला. चुलीपाशी त्याची मोठी बहीण प्रयागबाई भाकरी थापत होती. ती धनजहून तेरवीला आली होती ती अजून गेली नव्हती. भाऊ स्वतःच्या हातानं वरण-भाकर करून खाईल तेव्हाच मी जाईन, असं तिनं सांगितलं होतं, आणि शालिग्रामची प्रगती पाहता ती बराच काळ राहणार होती.

"बाई, माळ्यावरचे डबे कुठी हायेत?"

"बियाण्याचे? ते देले ना पाहुण्याईले. तेरवीची बुंदी उरली होती. लोकाईले रिकाम्या हातानं कसं धाडाचं?"

"अन् त्याच्यातलं बियाणं?"

"एक दाणा फेकला नाई म्या. सगळं पिंपात हाये."

"सगळं एकात?"

"मंग? बियाणंच त हाये सगळं. बुंदी टाकली काय म्या त्याच्यात?"

बुंदी टाकली नव्हती हे खरं होतं. शालिग्राम ओट्यावर जाऊन बसला.

गुरुवारी शेलूबाजारला देशी बियाण्यांचं प्रदर्शन होतं, बायकांच्या बचत गटांनी भरवलेलं. रंगूबाईनं जानेवारीतच नाव दिलं होतं. प्रदर्शनाची पद्धत अशी की ज्या बाईच्या मालाला नाव असेल तिला स्वतंत्र टेबल मिळायचं आणि माइकवरून तिचं पूर्ण नाव आणि मालाचं नाव वाचलं जायचं. ज्याला नाव नाही ते 'इतर' म्हणून मागच्या शेडमध्ये जायचं. तिथं माइक नव्हता. रंगूबाईला माइकचीच हौस होती. "साऱ्या जन्मात माहं नाव कोणी मोठ्यानं घेतलं नाई," ती म्हणाली होती, "तुमी त हाकही अवं म्हनूनच मारता." तेव्हा शालिग्राम हसला होता. आता त्याला ते नाव माइकवर पाहिजे होतं. दुसरं काही नको होतं.

त्यानं आधी डब्यांच्या मागे लागून पाहिलं. झाकणं मिळाली तर निदान कोणत्या एकोणीस जाती होत्या ते कळेल, मग त्याप्रमाणे निवडता येईल. त्यानं पाहुण्यांना फोन केले. पाहुणे भले होते. बुधवारी सकाळच्या जीपनं सात डबे आले. पण आलेला डबा रिकामा परत करायचा नाही ही आमच्याकडची रीत. एकात शेवया होत्या, एकात कैरीचं लोणचं, दोनांत कुरडया, उरलेल्या तिनांत तिळाचे लाडू. आणि झाकणं घासून लख्ख केली होती. मावसभावाच्या बायकोनं तर फोनवर सांगितलं, "झाकनाले काय तरी चिकटलं होतं भाऊजी, चाकूनं खरडून काढलं."

शालिग्रामनं तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

मग त्यानं बाजेवर पोतं अंथरलं आणि हातानं निवडायला बसला. दुपारपर्यंत चार ढीग झाले: लाल वाल, पांढरा वाल, मका आणि भेंडी. तो पाणी प्यायला आत गेला. तेवढ्यात प्रयागबाईला जेवायला वाढायचं होतं, आणि बाजेवर जागा नव्हती. तिनं पोत्याची चारही टोकं धरली आणि सगळं पिंपात ओतलं.

"बाई," शालिग्राम बाहेर येऊन म्हणाला.

"बियाणंच त हाये सगळं," प्रयागबाई म्हणाली. "जेव आता."

संध्याकाळी ज्योत्स्नाचा फोन आला. ती गटाची सचिव, बारावी झालेली, हिशोबी पोरगी. "काका, काकूच्या मालाचं नाव काय लिहू? उद्या नाव नसलं तर टेबल भेटत नाई."

"उद्या सांगतो," शालिग्राम म्हणाला.

रात्री जेवताना तो नाव शोधत होता आणि त्याच्या लक्षात आलं की हे काम खरं तर रंगूबाईचं होतं. मिसळलेल्या गोष्टींच्या नावांबाबत ती फार काटेकोर होती. मागे एकदा त्यानं नव्या तुरीत जुनी तूर घालून बाजारात नेली, तर ती तीन दिवस भेसळ, भेसळ करत होती. तो म्हणाला, अवं तूरच आहे दोन्ही, सरमिसळ म्हण. ती म्हणाली, सरमिसळ ती जी आपसूक होते. देवळाबाहेर चपला होतात तशी. जिथं कोणाचा तरी फायदा होते ती भेसळ. खिचडी म्हणजे जे विस्तवावर चढलं, ते मग सुटं होत नाही. काला म्हणजे दहा घरचं एका भांड्यात. आणि विजोड हा शब्द फक्त दोघांसाठी, तिसरा आला की तो शब्द चालत नाही. तो शब्द ती बैलजोडीसाठी वापरायची. एकदा लग्नाचा फोटो पुसताना पण वापरला होता. फोटोत शालिग्राम सहा फूट होता आणि रंगूबाई त्याच्या कोपराला लागत होती.

गुरुवारी सकाळी त्यानं पिंप जीपच्या टपावर चढवलं. प्रयागबाईही आली. "तुले एकट्याले काही जमत नाई," ती म्हणाली. पिंपाला हात लावायचा नाही एवढी एकच अट शालिग्रामनं घातली, आणि ती चढली.

शेलूबाजारच्या मंगल कार्यालयात दारापाशीच ज्योत्स्ना रजिस्टर घेऊन बसली होती. तिच्या शेजारी परीक्षक म्हणून माणिकचंद शेठ. गावातले जुने धान्याचे व्यापारी, बियाणं पाहून पीक सांगणारे अशी त्यांची ख्याती. मागे बायकांची रांग. शालिग्रामनं पिंप ठेवलं. शेठजींनी सवयीप्रमाणे हात कोपरापर्यंत आत घातला आणि राखेनं पांढरा करून बाहेर काढला.

"शालिग्रामभाऊ, हा मिसळ माल हाये."

"मिसळ नाई शेठजी. मिसळ म्हणजे एकत्र खाल्ली की बरी लागते ती. हे खायचं नाई, पेरायचं हाये."

"मंग भेसळ म्हना," शेठजी म्हणाले.

"भेसळ कशी? याच्यात कोणाचा फायदा झाला? झाला असन त बुंदीवाल्या पाहुण्याईचा."

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "खिचडी लिव्हा अन् पुढं सरका."

"खिचडी शिजते," शालिग्राम मागे वळून म्हणाला. "हे कच्चं हाये."

"काला म्हना मंग."

"काल्याले दहा घरं लागतात. हे एकाच घरचं हाये."

ज्योत्स्नाच्या पेनानं रजिस्टरवर टकटक सुरू केली. "काका, मी 'विविध' लिहू का? चांगला शब्द हाये. सरकारी कागदावर पण असते."

शालिग्रामनं नीट विचार केला. "विविध म्हणजे वेगवेगळं ना? ते तेरवीच्या आधी होतं."

"संमिश्र?"

"ते काय असते?"

"तेच. मिसळलेलं."

"मंग मिसळच झालं. शेठजीचंच झालं."

मागून एक म्हातारी म्हणाली, "अठरापगड म्हना." यावर बरीच चर्चा झाली. शेवटी पगड्या माणसांना असतात, बियांना नसतात, असं शेठजींनीच ठरवलं. शालिग्रामला शेठजींबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं.

"मंग हाये काय हे?" ज्योत्स्ना म्हणाली. तिच्या आवाजात आता रडू होतं.

"सरमिसळ," शालिग्राम म्हणाला. "चुकून झालेली. कोणाचा दोष नाई."

प्रयागबाई मागे उभी होती, तिनं पदर नीट केला.

"एवढं सगळं कायले सांगतलं मंग, पहिलंच सांगाचं ना," रांगेतली बाई म्हणाली.

"नुसतं सरमिसळ लिव्हलं त लोक भेसळ समजतीन," शालिग्राम म्हणाला. "पोरी, तू हेही लिव्ह की काय नाई हाये ते."

ज्योत्स्ना थकली होती. तिनं जसं ऐकलं तसं सगळं लिहून टाकलं, एका रकान्यात मावेना म्हणून शेजारच्या रकान्यातही. मग तिनं विचारलं, "काका, नावाआधी कै. लिहू का?"

"नको," शालिग्राम म्हणाला. "नाव तिनं जिवंतपणी देल्लं हाये."

टेबल चौदा नंबरचं मिळालं. माइकवर लखन होता. लग्नांत वरातीपुढं बोलून त्याचा आवाज तयार झालेला, आणि कागदावर जे असेल ते अर्थाकडं न पाहता शेवटपर्यंत वाचायची त्याची शिस्त. तेरा टेबलांची नावं झाली. मग लखननं पान उलटलं.

"टेबल नंबर चौदा. रंगूबाई शालिग्राम इढोळे, मुक्काम किन्हीराजा. मालाचं नाव, सरमिसळ. भेसळ नाही, कोणाचा फायदा झालेला नाही. मिसळ नाही, खायची नाही. खिचडी नाही, शिजवलेली नाही. काला नाही, एकाच घरचं आहे. अठरापगड नाही, पगड्या नाहीत. विविध होतं, तेरवीच्या आधी."

मग पहिल्या रांगेतल्या बायका हसायला लागल्या आणि ते हसणं मागच्या शेडपर्यंत गेलं. शालिग्राम हसला नाही. पिंपाच्या काठावर दोन्ही हात ठेवून तो उभा होता. नावाच्या तीन शब्दांनंतर त्यानं काही ऐकलंच नव्हतं. तो सरळ लखनकडे गेला.

"परत वाच बरं."

"सगळं?"

"नाव वाच. बाकीचं तुह्या मनानं."

लखनला हशा मिळाला होता, म्हणून त्यानं सगळंच परत वाचलं, आणि या वेळी 'पगड्या नाहीत'ला थोडा थांबला.

त्यानंतर चौदा नंबरला गर्दी झाली. सगळ्यांना सरमिसळ पाहायची होती. शेजारच्या टेबलावरची म्हातारी पिंपात वाकली, मूठभर बियाणं तळहातावर घेतलं आणि अंगठ्यानं पसरवलं.

"हा पांढरा वाल रंगूचाच हाये," ती म्हणाली. "तिच्या मायेकडचा. मले दोन वर्षांपासून पाहिजे होता." तिनं शालिग्रामकडे पाहिलं. "मी निवडून देतो. निवडलेल्यातला मूठभर मी नेतो. चालते?"

चालत होतं. मग दुसरीनं गवार मागितली, तिसरीनं अंबाडी. कोणी सूप आणलं, कोणी पोहे चाळायची चाळणी. आठ-दहा बायका पिंपाभोवती खाली बसल्या आणि त्यांची बोटं सुरू झाली. शालिग्रामनं कधी एवढ्या वेगानं माणसांना काम करताना पाहिलं नव्हतं. माणिकचंद शेठही वही बाजूला ठेवून कारल्याच्या बिया वेचायला बसले. प्रयागबाईला पलीकडच्या टोकाला खुर्चीवर बसवलं होतं. दर थोड्या वेळानं ती मोठ्यानं सांगत होती, "मी हात लावला नाई बरं." तिच्या चहाचा कप कोणीतरी सारखा भरत होतं.

चार वाजता टेबलं आवरायला घेतली तेव्हा वर्तमानपत्राच्या अकरा पुड्या झाल्या होत्या. प्रत्येक पुडीवर ज्योत्स्नानं नाव लिहिलं: लाल वाल, पांढरा वाल, चवळी, गवार, भेंडी, अंबाडी, कारलं, दुधी, काकडी, कोहळं, मका. पिंपात तळाशी राख आणि बारीक बियाणं उरलं होतं. दोडकं कोणतं आणि घोसाळं कोणतं यावर दोन बायकांचं भांडण झालं आणि दोघींनी आपापलं बरोबर धरून हात झटकले. वांगं, मिरची आणि टमाटं तर डोळ्यांना एकच दिसत होतं. राजगिरा, चवळाई आणि चुका यांच्याकडं कोणी पाहिलंही नाही.

"रंगू कशी वळखे?" शेठजींनी विचारलं.

"चाखून," शालिग्राम म्हणाला. "दाताखाली एक दाणा धरे अन् सांगे."

"तुमी चाखून पाहा."

शालिग्रामनं चिमूट तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिला. "राख हाये," तो म्हणाला.

जीप निघायची वेळ झाली. पुड्या प्रयागबाईच्या मांडीवर नको म्हणून त्यानं स्वतःच्या शर्टात कोंबल्या आणि पिंप टपावर चढवलं.

अकरा जाती वेगळ्या झाल्या आहेत. आठ अजून पिंपात आहेत. पेरणीला तीन आठवडे उरले आहेत आणि त्या आठ निवडायच्या राहिल्या आहेत.