सेकानेतले मीठ

व्लास्ताने दुधात भिजवलेले शिळे पाव मुठीत हलकेच दाबले आणि सेकानेसाठी, म्हणजे भट्टीत भाजायच्या खिम्याच्या लांबट लाद्यासाठी, काढलेल्या खिम्यात टाकले.

"कोरडे होईतो पिळायचे नाहीत," ती म्हणाली. "नाहीतर सेकाना लाकूड होते."

रादकाने मान डोलावली. शेजारी स्टुलावर बसून ती आईची प्रत्येक हालचाल पाहत होती, आणि व्लास्ताला तेच खुपत होते. पन्नाशीला आलेल्या लेकीला आजच कशी सेकाना शिकावीशी वाटली? इतकी वर्षे खाटकाकडून भाजलेली आणून खाल्ली. दुपारी तिचा भाऊ लुडेक ब्र्नोहून येणार होता. हिवाळ्यात एकदा गॅस चालू राहिला, तेव्हापासून आईला वृद्धाश्रमात ठेवायचा त्याने धोशा लावला होता. खोलीही बघून ठेवली होती. म्हातारी काय काय विसरते ते बघायला त्यानेच बहिणीला पुढे धाडले असणार.

म्हणून रादका लसूण सोलू का म्हणाली, तर व्लास्ताने सुरी दिली नाही. अंडी फोडू का म्हणाली, तर वाडगा स्वतःकडे ओढला. लसूण ठेचून घातला, वाळका मरवा तळहातांवर चोळून टाकला, मीठ घातले आणि मळायला घेतले. मध्येच रादकाने विचारले, भट्टी किती तापवायची. हिला हे कशाला हवे? व्लास्ताने तुटक उत्तर दिले, वाडग्याकडे वळली, आणि पुन्हा मिठाच्या बरणीत हात घातला.

"आई..."

"काय?"

"काही नाही."

गावातल्या बायका करतात तसे व्लास्ताने कच्चे मिश्रण बोटावर घेऊन जिभेला लावले. मोठ्या तापातून उठल्यापासून तिला कशाचीच चव कळत नव्हती. हे तिने कुणालाही सांगितले नव्हते.

"बरोबर झालंय," ती म्हणाली.

मिश्रणाचा लांबट गोळा करून तिने वर डुकराच्या चरबीचे काप लावले आणि खोलगट तव्यात ठेवून तो भट्टीत सरकवला. मग दर थोड्या वेळाने दार उघडून तव्यातला रस ती त्यावर ओतत राहिली. रादका पाहत राहिली.

लुडेक आला, बिअर ओतून घेतली, पहिला घास तोंडात घातला. त्याचा जबडा थांबला. त्याने अर्धा पेला रिकामा केला, काटा खाली ठेवला आणि आईकडे पाहिले.

"आई, तू यात..."

"मीठ मी घातलं," रादका म्हणाली. "ती पुरे म्हणत होती. तिची पाठ वळल्यावर मी आणखी घातलं."

"तुला कधी साधा रस्सा जमला नाही," लुडेक हसला आणि बटाट्याचा मोठा घास घेऊन पुढे खाऊ लागला.

व्लास्ता लेकीकडे पाहत राहिली. बरणीला रादकाचा हात लागला नव्हता. तिने लागूच दिला नव्हता. रादका मान खाली घालून एकेक घास शांतपणे गिळत होती.

"लहानपणापासून अशीच," व्लास्ता लुडेकला म्हणाली. "सांगितलेलं ऐकायचं म्हणून नाही."

मग तिने सुरी घेऊन सेकानेचे टोक कापले. तो खरपूस तुकडा या घरात नेहमी लुडेकचा असे. त्याने सवयीने ताट पुढे केले.

व्लास्ताने तुकडा रादकाच्या ताटात ठेवला.

रादकाने पाण्याचा पेला जवळ ओढला आणि खायला सुरुवात केली.